पाहुण्याला आधी पाणी



२७ सप्टेंबर हा जागतिक पर्यटन दिन. ख्रिस्तसभाही तो पाळते. आपल्याकडे हेच दिवस कासच्या फुलांचे. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. सुटीच्या दिवशी आता तिकडे गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत मिस्सा आटोपून निघालेले आपणही असतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात (अध्याय १८) अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला आहे. तिघे अनोळखी दिसताच तो धावत सामोरा जातो आणि आधी पाय धुवायला पाणी देऊ करतो. भाकरी, वासरू, दूधदही हे सारे नंतर. आपल्या गावाकडेही दारी आलेल्यापुढे आधी गूळपाणीच येते.

पण देण्यासाठी यजमानाच्या घरी पाणी हवे! महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचे उगम तिथलेच. तरी उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या काही वाड्यांवर आयाबहिणी टँकरकडे डोळे लावून बसतात. पाऊस उतारावरून वाहून जातो हे खरे, सगळा दोष पाहुण्यांचा नाही. पण त्याच मे महिन्यात हॉटेलात नळ सोडून ठेवणारे आपण असतो, हेही खरेच.

पर्यटन नको, असे आम्ही म्हणणार नाही. स्ट्रॉबेरीची पाटी रस्त्यावरच विकली जाते, घोडेवाल्याची चूल पेटते. भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. तिथे पाहुणा कुणाच्या तरी घरात बसून पुस्तक वाचतो, घरचा माणूस समोर असतो. कासला आसपासच्या गावांतली माणसेच पठाराची राखण करतात, फुलांची नावे सांगतात. जांभ्या खडकावरची माती बोटभर, पायाखाली आली की फुलाचे बीही जाते. म्हणून दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली गेली. तेव्हा कुरकुरणाऱ्यांत आम्हीही होतो. पण ‘आता पुरे’ असे म्हणता येणे हासुद्धा यजमानाचा मान आहे. जमीन विकून त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा राखणदार झालेल्याला ते म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. हंगामातला रविवार हॉटेलातल्या पोरांना सर्वांत कामाचा. त्यांत आपल्या धर्मग्रामातलीही मुले आहेत. आपण जेवायला बसतो, ती वाढत असतात, आणि त्यांची मिस्सा चुकते. त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी किंवा सोमवारी पहाटे काही करता येईल का, यावर धर्मग्राम परिषदेत बोलायला हवे.

सांगलीकरांना वाटेल, हे साताऱ्याचे दुखणे. पण वर उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड करत सांगलीच्याच घाटाला लागते. वर तिच्यात टाकलेले खाली येतेच.

गेल्या सहलीत आमच्या बसमधून थर्मोकोलच्या ताटल्यांचे एक पोते घाटात राहिले. कुणी टाकले, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही. या वेळी बस निघण्याआधी आणि परतल्यावर पोती मोजायची, एवढे ठरले आहे. मोजायला दोघेजण हवे आहेत. मिस्सेनंतर नावे द्यावीत.