हँडल बदलले, ब्रेक बदलले. सायकल तीच का?

जुन्या सायकलीचे हँडल आणि ब्रेक बदलल्यावर ती तीच सायकल राहते का, हा प्रश्न भारतीय दर्शनांतल्या अवयव-अवयवी वादातला आहे. खरे काय, सुटे भाग की त्यांतून उभी राहिलेली अखंड वस्तू, यावर नैयायिक आणि बौद्ध कित्येक शतके भांडले.

हा वाद पुण्यातल्या सायकलीवर पारखून पाहू. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. शहरातल्या विश्रांतवाडी या भागापासून जवळच, खडकीत, १८६९ सालापासून दारूगोळा कारखाना आहे आणि कारखान्याची पाळी गाठायला कामगाराला सायकलच परवडे. ही सायकल बहुधा रॅले किंवा हर्क्युलसच्या घडणीची असे: काळी, २८ इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची. या ब्रेकची लिव्हर हँडलच्या नळीलाच जोडलेली असते. ती दाबली की दांड्या वर ओढल्या जातात आणि रबर रिमच्या आतल्या अंगाला घासते. नवे कॅलिपर ब्रेक मात्र रिमला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि जुन्या वेस्टवूड रिमच्या बाजू त्यासाठी सपाट नसतात. त्यामुळे हँडल काढले की ब्रेक जातो, ब्रेक बदलला की रिम जाते, रिम गेली की चाक नव्याने बांधावे लागते. स्टेमचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकला की आतली पाचर सुटते. काम तेवढ्याने सुरू होते. ते कुठे थांबेल, हे मालकाला आधी ठाऊक असतेच असे नाही.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाके का, दांडी का? यांतले एकही रथ नव्हे आणि यांच्यावाचून वेगळा रथही नाही. ‘रथ’ हे व्यवहारापुरते नाव. या हिशेबाने सायकल मुळात एक वस्तू कधी नव्हतीच, मग ती बदलली की तीच राहिली, हा वादच उरत नाही.

नैयायिकांना हे पटत नाही. एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, म्हणून अवयवी, म्हणजे भागांहून वेगळी अखंड वस्तू, मानलाच पाहिजे, असा युक्तिवाद न्यायसूत्रांत आहे. सायकलीला तो चपखल लागू पडतो, कारण हँडल असतेच मुळी धरून अख्खी सायकल वळवण्यासाठी. मात्र लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूडही एकत्र ओढले जाते, ही अडचण भाष्यकार वात्स्यायनांनीच नोंदवली आहे. शिवाय न्याय-वैशेषिकांचा नियम कडक आहे: वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन दुसरे उत्पन्न होते. म्हणजे ब्रेकचे झिजलेले रबर बदलले तरी सायकल नवी! रोजच्या व्यवहारात हे मत कोणी पाळत नाही.

जैन दर्शन मधला मार्ग काढते: द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था बदलतात. विश्रांतवाडीला त्याचे उदाहरण दरवर्षी दिसते. आळंदीहून निघालेला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रथ तिथूनच पुण्यात येतो. बैलजोडीचा मान आळंदीतल्या घराण्यांकडे पाळीपाळीने जातो, आणि रथ माउलींचाच राहतो.

या तिन्हींत नागसेनाचे उत्तर सर्वांत टिकाऊ, पण अपुरे आहे. नाव व्यवहारापुरते असले, तरी व्यवहार एक नसतो. चोरीची तक्रार नोंदवताना फ्रेमवरचा क्रमांक म्हणजे सायकल. संग्राहकाला दांडीचा ब्रेक म्हणजे सायकल. विश्रांतवाडीच्या चौकातल्या रहदारीतून रोज जाणाऱ्याला वेळेवर थांबते ती सायकल. त्याने ब्रेक बदलला तर सायकलीशी प्रतारणा केली, असे म्हणता येत नाही. पण व्यवहार पुन्हा बदलू शकतो, म्हणून खरा फरक परत फिरवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बदलांत आहे. नव्या भागांसाठी फ्रेम किंवा चिमटा कापू नये, आणि काढलेले हँडल, दांड्या व रिमा तेल लावून, त्यांवर फ्रेमचा क्रमांक लिहून जपाव्यात.