आड गेलेली तार

दिवाळीच्या चार दिवसांत आपण उजेडाचे इतके कौतुक करतो, की तो ज्या वाटेने येतो तिची आठवणही कोणाला होत नाही. पणतीची वात निदान डोळ्यांसमोर जळते. विजेची तार मात्र भिंतीच्या पोटात शिरते, वरून गिलावा चढतो, गिलाव्यावर रंग बसतो, आणि घरधनी तिला कायमचा विसरतो. जे एकदा आड जाणार आणि पुन्हा दिसणार नाही, ते निवडताना माणूस कोणाला साक्ष ठेवतो, हा प्रश्न वरकरणी वीजकारागिराचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

आमच्या बल्लारपुरात पारख हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक. वर्धेच्या काठचे हे जुने गोंड राजांचे गाव सागाच्या डेपोसाठी नावाजलेले. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले ते येथूनच. डेपोत आलेले गिऱ्हाईक ओंडक्यापुढे वाकते. गाभा किती, वरचे पांढरे किती, गाठ कोठे, सारे निरखते. साग आपले अंतरंग झाकून ठेवीत नाही. तार मात्र झाकूनच येते. तांबडे, पिवळे, हिरवे तलम वेष्टन वरून सारखेच. आत निखळ तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम, हे सोलल्यावाचून कळत नाही. तिच्या बाबतीत पारखीला वाव थोडा, आणि सचोटीवर भिस्त फार.

गोव्यात असलेल्या माझ्या भाच्याने एक जुनी शिडाची नौका विकत घेतली. लाकूड सागाचे आणि ठणठणीत; सागाचे मला नवल वाटले नाही. मुंबईच्या वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली, ती इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. पण भाच्याच्या नौकेतल्या तारा संपल्या होत्या. सुटीत तो आला तेव्हा त्याने जुन्या तारेचा तुकडा माझ्यापुढे सोलला. वेष्टन धड होते. आतले तांबे काळे पडून भुगा होत होते.

“मामा, ही खारी हवा टोकातून आत शिरते आणि तारेच्या पोटातून पुढे सरकत जाते,” तो म्हणाला. “म्हणून बारीक बारीक तंतूंची, आणि प्रत्येक तंतूला कथिलाची कल्हई केलेली तार घ्यायची. एकसंध जाड तार हेलकाव्यांनी तुटते.”

“अरे, पण जाडी किती घेणार?” मी विचारले.

त्याने कागदावर हिशेब मांडला. नौकेच्या तळाशी साचणारे पाणी उपसणारा पंप बॅटरीपासून १० मीटरवर; म्हणजे जाऊन येऊन तार २० मीटर. पंपाला वीज लागते ५ अँपियर. घरातल्या दिव्याची असते तशी दीड चौरस मिलिमीटरची तार घातली, तर वाटेतच सुमारे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. घरच्या २३० व्होल्टांत ही तूट अर्ध्या टक्क्याची. कोणाच्या लक्षातही येणार नाही. बॅटरीचे व्होल्ट मुळात १२, त्यांतला दहावा हिस्सा गेला. महत्त्वाच्या कामाला तूट ३ टक्क्यांच्या आत हवी, असा नौकांचा दंडक आहे; त्यासाठी तार घ्यावी लागते ६ चौरस मिलिमीटरची. ज्याच्यापाशी मुळातच थोडे आहे, त्याला वाटेतली गळती अधिक बाधते. हे गणित विजेपुरतेच आहे असे मला वाटत नाही.

भाच्याने महाग तार घेतली. त्याच्या सद्गुणांचे मला कौतुक आहेच. परंतु येथे सद्गुणाची गरजच नव्हती. तार निवडणारा तोच, आणि भर रात्री पंप बंद पडला तर पाण्यात उभा राहणारा तोच. ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली, आणि तिच्यातून २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. ती बांधली जात असताना दोंदे स्वतः तेथे राबत होते. भर समुद्रात हाक मारायला कारागीर मिळत नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला प्रामाणिकपणा शिकवावा लागत नाही.

जमिनीवर मात्र निवडणारा एक आणि भोगणारा दुसरा. बिऱ्हाडकरूच्या खोलीतली तार घरमालक निवडतो, शाळेतली ठेकेदार निवडतो. ठिणगी उडेल तेव्हा दोघेही तेथे नसतात. माणूस दुष्ट असतो म्हणून हलकी तार भिंतीत जाते असे नाही; परिणाम दूर असतो, म्हणून जाते. नीतीचे सारे काम मला एवढेच दिसते, की ते दूरचे माणूस जवळ आणून बसवायचे.

मग सर्वांनी कल्हईची महाग तारच घ्यावी काय, असे कोणी विचारील. मुळीच नव्हे. बल्लारपूरच्या कोरड्या भिंतीत कल्हई म्हणजे उधळपट्टी. महागाई म्हणजे सचोटी नव्हे. आमचा समुद्र म्हणजे ऊन. साध्या पीव्हीसी वेष्टनाची तार ७० अंशांपलीकडे तापू नये असा नियम आहे, आणि तिची ताकद सामान्यतः भोवती ४० अंश उष्मा धरून सांगतात. वैशाखात पत्र्याखाली ५५ अंश झाले, की ३० अंशांची सवड १५ वर येते. मुंबईच्या बेताने घेतलेली तार येथे अपुरी पडू शकते. योग्य तार म्हणजे ज्या जागी तिला जन्म काढायचा आहे, ती जागा ओळखून घेतलेली तार. त्यासाठी पैशापेक्षा आस्था अधिक लागते.

यंदा घराला रंग काढताना कोणी जुनी तार बदलीत असेल, तर त्याने दुकानात क्षणभर थांबून एवढेच मनात आणावे, की या तारेच्या टोकाशी निजणारे मूल आपले आहे. मग कोणती तार घ्यावी, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.