उपकार मुक्या जिवाचे, मर्यादा शरीअतची



फज्रच्या अजाननंतर आर्वीच्या कोणत्याही मोहल्ल्यातून मशिदीकडे निघालेल्या माणसाला वाटेत कुत्री भेटतातच. कोणी सोबत काठी बाळगतो, कोणी वाकून दगड उचलतो. त्याच सुमारास एखाद्या घरात एखादी आजारी माता न्याहारीपूर्वी पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घेत असते. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आपल्या मनातही येत नाही. परंतु तो आहे, आणि एका श्रद्धावंताने त्यावर विचार करावा इतका तो गंभीर आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत. आज हा आजार जडला तरी माणूस औषध, पथ्य आणि व्यायाम यांच्या आधारे दीर्घकाळ जगू शकतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी स्थिती नव्हती. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू काही काळ लांबवणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते.

१८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्स्की या दोन संशोधकांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्या जनावराला मधुमेह झाला. या आजाराचे मूळ कोठे आहे, हे अशा रीतीने उघड झाले. पुढे १९२१ साली टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्याच स्वादुपिंडाचा अर्क काढला व तो मधुमेही केलेल्या कुत्र्यांना टोचून त्यांची साखर उतरवून दाखवली. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला तसा अर्क प्रथमच देण्यात आला. १९२३ साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रयोगांत किती तरी कुत्र्यांचे प्राण गेले. आज आपल्या घरातील शीतकपाटात ठेवलेल्या प्रत्येक कुपीमागे त्या मुक्या जिवांचा वाटा आहे.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. शिफा देणारा केवळ अल्लाह आहे, म्हणून पहिली कृतज्ञता त्याचीच. पण ज्याच्या माध्यमातून ती आपल्यापर्यंत पोहोचली, त्याचे आपण काही लागतो की नाही? ज्याने स्वखुशीने दिले, त्याचे आभार मानून माणूस मोकळा होऊ शकतो. ज्याच्याकडून न विचारता घेतले गेले आणि जो मागायला कधीच येणार नाही, त्याचे देणे मात्र आपल्या सदसद्विवेकावरच अवलंबून राहते. पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (६:३८) धरतीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय असल्याचे सांगितले आहे. ज्या समुदायाकडून आपण जीवदान घेतले, त्याला निष्कारण दगड मारताना आपला हात थबकायला हवा.

यावर कोणी म्हणेल, कुत्र्याची लाळ नापाक आहे, ज्या घरात कुत्रा असतो तेथे फरिश्ते येत नाहीत असे हदीसमध्ये आले आहे. मग त्याच्याशी जवळीक कशाला? ही शंका योग्य आहे आणि तिला बगल देता येणार नाही. कुत्र्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा, त्यातही एकदा मातीने, धुण्याचा आदेश आहे. हौसेखातर कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून दररोज घट होते, हेही सहीह हदीसमध्ये आहे. परंतु ज्या पैगंबर मुहम्मद (स.) यांनी भांडे धुण्यास सांगितले, त्यांनीच तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केल्याचे सांगितले. शुद्धतेचा नियम आपल्या नमाजच्या रक्षणासाठी आहे. तो त्या प्राण्याचा द्वेष करण्याचा परवाना नव्हे. पाणी पाजून हात धुता येतात. दगड मारलेल्या हाताला कोणती तहारत पुरेल?

सूरह अल-माइदामध्ये (५:४) शिकवलेल्या शिकारी प्राण्यांनी पकडून आणलेले सावज हलाल ठरवले आहे. सूरह अल-कह्फमध्ये गुहेत आश्रय घेतलेल्या त्या श्रद्धावंत तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तो उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसला होता. त्याच्या जागेकडे लक्ष द्या. तो सोबतीला आहे, पण उंबरठ्यावर आहे. सोबत आणि मर्यादा, दोन्ही त्या एकाच दृश्यात आहेत.

मग मधुमेही माणसाने कुत्रा पाळावा काय? आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. आर्वी तालुक्यात कपाशी, तूर, सोयाबीन यांची शेती आहे. रानडुकरे आणि रोही उभे पीक फस्त करतात, म्हणून शेतकऱ्याला रात्री जागलीला जावे लागते. असा एखादा शेतकरी मधुमेही असेल आणि इन्सुलिन घेऊन पुरेसे न जेवता शेतावर गेला, तर मध्यरात्री त्याची साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय कापतात, बुद्धी गोंधळते, शुद्धही हरपते. त्याच्यासोबत कुत्रा असेल, तर तो राखणीसाठी आहे. शेती, गुरे आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवण्याची सवलत हदीसमध्येच स्पष्ट आहे. त्या शेतकऱ्याने मनात अपराधीपणा बाळगण्याचे कारण नाही.

याच्याही पुढची एक गोष्ट अलीकडे समोर आली आहे. साखर उतरली की माणसाच्या श्वासाचा आणि घामाचा गंध बदलतो, व शिकवलेले कुत्रे तो ओळखून रुग्णाला सावध करतात. ब्रिटनमध्ये असे कुत्रे रुग्णांना दिले जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील २७ कुत्र्यांच्या अभ्यासात बहुतेक कुत्र्यांनी चांगली कामगिरी केली. मात्र कुत्र्या-कुत्र्यात फरकही मोठा होता. म्हणून कुत्रा हा रक्त तपासणीच्या यंत्राला पर्याय ठरत नाही. शरीअतच्या दृष्टीने पाहता, पिकाच्या रक्षणासाठी जी सवलत आहे, ती प्राणाच्या रक्षणासाठी असणार नाही, असे म्हणणे कठीण आहे. २००८ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाच्या वाटाड्या कुत्र्यासाठी मशिदीच्या प्रवेशद्वारापाशी थांबण्याची सोय करण्यात आली. तेथील उलेमांनीही गरज आणि मर्यादा यांचा असाच मेळ घातला होता. आपल्याकडे कोणावर असा प्रसंग आला, तर त्याने आपली परिस्थिती जाणत्या आलिमांपुढे व वैद्यांपुढे मांडून निर्णय घ्यावा.

सावधगिरीही आवश्यक आहे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, जखम लक्षात येत नाही आणि लवकर भरतही नाही. कुत्र्याच्या लाळेतील जंतू अशा जखमेत गेले तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णाने अनवाणी फिरू नये, जखम उघडी ठेवू नये, कुत्र्याला ती चाटू देऊ नये. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. गल्लीतील कुत्र्यांचा उपद्रव वाढला असेल, तर नगरपालिकेकडे त्यांच्या नसबंदीची व लसीकरणाची मागणी करावी. विष घालणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि अल्लाहपुढेही त्याचा जाब द्यावा लागेल.

शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारू या. एखाद्या आजारी माणसाला रात्री कुत्र्याच्याच सोबतीवर विसंबावे लागत असेल, तर त्याचे शेजारी कोठे आहेत? आजाऱ्याची विचारपूस हा मुस्लिमाचा मुस्लिमावरील हक्क आहे. जागलीला जाणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी आहे की नाही, हे विचारायला फार मोठे ज्ञान लागत नाही. जो प्राणी आपल्या धन्याजवळ रात्रभर न झोपता बसतो, त्याला आपल्या उंबरठ्याबाहेर पाण्याचे एक वेगळे भांडे मिळावे, आणि जो माणूस आपल्या भिंतीपलीकडे एकटा आजारी आहे, त्याला आपली सोबत मिळावी. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, आणि दोन्हींचा हिशेब एकाच दिवशी होणार आहे.