एली आसनावरून पडला

वाचावयाचा शास्त्रभाग : 1 शमुवेल, अध्याय 4, वचने 12 ते 18



एलीच्या मरणावर जे उपदेश आपण ऐकतो, त्यांत बहुधा त्याच्या दोन मुलांचे पाप व देवाच्या कोशाची हानी ह्यांविषयीच सांगण्यात येते, आणि ते योग्यच आहे. परंतु शास्त्रलेखकाने त्या म्हाताऱ्याच्या देहाविषयी जे टिपून ठेवले आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. त्याचे वय 98 वर्षांचे होते, दृष्टी गेली होती, शरीर जड झाले होते. वाईट बातमी कानी पडताच तो आसनावरून मागे कोसळला व मान मोडून मेला. चाळीस वर्षे इस्राएलाचा न्याय करणाऱ्याचा अंत एका पडण्याने झाला. ह्यात देवाचा न्याय होता हे आम्ही नाकारीत नाही. तरी म्हातारे माणूस का पडले म्हणून आजचा डॉक्टर जे विचारतो, म्हणजे वय, डोळे, देहाचा भार, अकस्मात बसलेला धक्का, ते सर्व ह्या थोड्या ओळींत आले आहे.

आता आपल्या डोंगराकडे पाहा. आहुपे हे आंबेगाव तालुक्यातील, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले गाव. पावसाळ्याचे चार महिने तेथे धुके आणि धार. अंगणातील दगडावर शेवाळ, उंबऱ्यापाशी चिखल, आणि रात्री लघवीस बाहेर जावयाचे ते अंधारात. अशा ठिकाणी आजी पाय घसरून पडली व खुब्याचे हाड मोडले, तर घरची मंडळी काय म्हणतात? "म्हातारपण आहे, चालायचेच." बंधूंनो, ह्या एका वाक्याने आपल्या खेड्यांत जितकी म्हातारी माणसे अंथरुणास खिळविली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने खिळविली असतील. म्हातारपण देवाने दिले. शेवाळ आपण घासले नाही म्हणून राहिले.

तेव्हा पाऊस लागण्यापूर्वी वाटेवरील दगड घासावे, उंबऱ्याजवळ धरावयास एक बांबू पक्का रोवावा, उशाशी बॅटरी ठेवावी, आणि रात्रीसाठी भांडे खाटेजवळ असावे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. अंथरुणातून एकदम उठू नये. थोडे बसून मग उभे राहावे, कारण उठताच रक्तदाब उतरून घेरी येते. डोळ्यांचेही असेच आहे. इसहाकाची दृष्टी मंद झाली म्हणून घरातच त्याची फसवणूक झाली. त्या काळी उपाय नव्हता. आज मोतीबिंदू काढून भिंग बसविता येते, आणि सरकारी रुग्णालयांत त्यास पैसे पडत नाहीत.

बर्जिल्लय 80 वर्षांचा असता दाविदास म्हणाला की आपणास अन्नाची चव कळत नाही. हे अगदी खरे दुखणे आहे. जीभ मंदावली की म्हातारे माणूस कालवणात वरून मीठ घालून घेते, लोणचे मागते, सुकट मागते. दिवसाचे मीठ सर्व मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो व त्याची वेदना काहीच होत नाही. कळते ते एका बाजूचा हातपाय लुळा पडल्यावर. चवीसाठी लिंबू, लसूण, कोथिंबीर घालावी. आणि नागली सोडू नये! 100 ग्रॅम नागलीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगासही पुरेल इतके नसते. तरी पाहुणे आले की आपण भाकरी लपवून भात वाढतो.

दाविदास म्हातारपणी पांघरुणे घालूनही ऊब येईना. आपल्याकडील म्हातारी माणसेही अशीच, ती चुलीपाशी बसतात आणि दिवसभर धूर गिळतात. त्यांस घोंगडी द्यावी, चुलीस धुराडे करावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर तो धुराचा किंवा वयाचा असे ठरवून न टाकता थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. मिश्री आणि तंबाखू कोणत्याही वयात सोडली तरी लाभ होतोच.

कालेबाने 85 व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेतला. आपणांस तो मागावा लागत नाही. चालणे सोडू नये एवढेच.

उपदेशक बंधूंनो, एक गोष्ट आपणांसच सांगावयाची आहे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांस, प्रार्थना झाली आता गोळी नको, असे कोणीही सांगू नये. तीमथ्याच्या पोटाच्या विकारासाठी पौलाने विश्वास अधिक धर असे लिहिले नाही, उपाय लिहिला. हिरड्याची आम्ही निंदा करीत नाही. आपल्या कित्येक घरांचा मीठमिरचीचा पैसा त्याच झाडावरून येतो व पोटास तो अनेकांना मानवतो. परंतु रक्तदाबाच्या गोळीची जागा तो घेत नाही. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे हीच पुष्कळदा अर्धांगाची सुरुवात असते. घरभेटीस गेल्यावर प्रार्थनेपूर्वी विचारावे : मागल्या वर्षात पडलात काय? दाब केव्हा मोजला? गोळ्या उरल्या आहेत काय? दाब 140 वर 90 किंवा त्याहून अधिक वारंवार दिसला, तर आशाताईंस कळवून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर रुग्णालयातील उपचारासाठी कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत सोय झाली आहे. वय आधार कार्डावरून धरतात, आणि आपल्या कित्येक म्हाताऱ्यांचे जन्मवर्ष तेथे अंदाजानेच लिहिलेले आहे. ते दुरुस्त होण्यास वेळ लागतो, म्हणून आजाराची वाट न पाहता उन्हाळ्यातच, रस्ता कोरडा आहे तोवर, हे काम उरकून घ्यावे.