व्याधी, भोग आणि आचार

सोलापूर नगरीत ज्या चौकात सात वाटा एकत्र येतात त्यास लोक सात रस्ता म्हणतात. अक्कलकोट, तुळजापूर, इंडी, अफजलपूर या बाजूंची रुग्ण माणसे उपचारासाठी सोलापुरास येतात. कोणाच्या हाती क्ष-किरण तपासणीचे मोठे पाकीट असते, तर कोणाच्या खांद्यावर म्हाताऱ्या आईचा हात. दवाखान्यास कोणत्या वाटेने जावे हे ती चौकात थांबून विचारतात. त्यांच्या मनात दुसराही एक प्रश्न असतो, पण तो रिक्षावाल्यास विचारण्यासारखा नसतो. हे दुखणे माझ्याच वाट्यास का आले? ते मी ओढवून घेतले, की दैवाने दिले?

अशा नगरीत परमार्गाचे निरूपण होते तेव्हा हा प्रश्न सभेत आल्यावाचून राहत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी कात्रीने कापलेली तेंदूची पाने. हजार विड्यांमागे मजुरी. दिवसभर मान खाली असते, तंबाखूची धूळ श्वासावाटे आत जाते व बोटांच्या त्वचेतूनही शरीरात भिनते. अशी एखादी वासनिक बाई हात जोडून विचारते, ‘बाबा, हा खोकला माझ्या कोणत्या कर्माचा?’ तिने आयुष्यात विडी ओठांस लावलेली नसते. तिला काय सांगावे?

‘तुझाच भोग, भोगून सार’ हे उत्तर सोपे आहे आणि शास्त्राच्या नावाने पुष्कळदा दिलेही जाते. ते शास्त्राचे उत्तर आहे काय, हे पाहिले पाहिजे.

कर्मरहाटीत सापडलेला जीव आपल्या कर्माची फळे भोगतो, हा सिद्धान्त परमार्गात निर्विवाद आहे. परंतु कोणत्या जीवाचे कोणते कर्म, कोणत्या सृष्टीत घडलेले, कोणत्या क्षणी फळास आले, हे जाणणारा एक परमेश्वरच आहे. अविद्येने झाकलेल्या जीवास स्वतःचे मागील कर्म दिसत नाही; दुसऱ्याचे कोठून दिसणार? म्हणून दुसऱ्याच्या अंथरुणापाशी बसून त्याच्या कर्माचा निवाडा करणे म्हणजे जे परमेश्वराचे ते आपल्याकडे घेणे होय. हा सिद्धान्त मनुष्याने स्वतःपुरता लावावा: सुखात माजू नये, दुःखात खचू नये, आणि पुढले कर्म सांभाळावे. दुसऱ्याच्या दुखण्यास तो लावताच त्याचे शास्त्रत्व जाऊन नुसती निष्ठुरता उरते.

आता दुसरी बाजू. देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त, हा भेद उपदेशी मंडळींस पाठ असतो. पाठ असतो, पण दुखणे आले की अर्धाच आठवतो. जीव बद्ध आहे म्हणून भोग आहे, हे खरे. पण त्यास मुक्तीची योग्यता आहे, म्हणूनच त्यास विधिनिषेध सांगितला. दगडास कोणी आचार सांगत नाही. व्याधी आली हा भोग असेल; व्याधी आल्यावर काय केले हा आचार आहे, आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यासच द्यावे लागते. जो संसरण प्रकरण वाचून ग्रंथ मिटतो आणि आचार प्रकरण उघडतच नाही, त्याने निम्मेच शास्त्र वाचले.

क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख याने 1882 साली दाखविला. त्यापूर्वी क्षय हा कुळाचा शाप समजला जाई. आज साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोग्यास वाटते की आपण बरे झालो. येथेच तो औषध सोडतो. उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात आणि तेच पुढे घरातील लेकरास लागतात. रोग लागला त्यात त्याचा अपराध नव्हता. औषध सोडले त्याचे उत्तर मात्र त्याला द्यावे लागेल. सरकार क्षयरोग्यास पोषणासाठी 2018 पासून दरमहा 500 रुपये देत असे, नोव्हेंबर 2024 पासून ती रक्कम 1000 झाली. पण गोळी तोंडात टाकण्याचे काम सरकार करू शकत नाही.

शिकाऱ्यांपुढे धावणाऱ्या सशास सर्वज्ञांनी आपल्या जानूखाली आश्रय दिला, ही लीळा सर्वांस ज्ञात आहे. त्या अहिंसेचे अनुयायी पाणी गाळून पितात, वाटेवरील मुंगी चुकवून पाऊल टाकतात. मग दोन आठवड्यांवर खोकला असताना थुंकी न तपासता आश्रमाच्या एकाच खोलीत दहा जणांत झोपणे, ही कोणती अहिंसा? गाळण्यात अडकलेला जीव दिसतो म्हणून वाचवावा, आणि श्वासातून जाणारा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याचा जीव धोक्यात घालावा, असे तर शास्त्र नाही.

दुखणे लपविण्याचे एक कारण लाज हेही असते. स्त्रियांच्या मासिक धर्मास अशुद्ध मानण्याची लोकरीत सर्वज्ञांनी मान्य केली नाही. देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ वाहतात तसेच हे, असा त्यांचा निर्वाळा लीळाचरित्रात येतो. तेराव्या शतकात हे ज्यांनी सांगितले त्यांच्या मार्गातील तपस्विनी बाया आजही स्तनातील गाठ वा अंगावरून जाणे कोणास सांगत नाहीत, वर्ष वर्ष अंगावर काढतात, आणि वैद्याकडे जातात तेव्हा फार उशीर झालेला असतो. ही मर्यादा शास्त्राने घातलेली नाही. लोकरीत मागच्या दाराने आत आली आहे. मनाच्या व्याधीचेही तसेच. जाळीच्या देवासारख्या स्थानी दुःखी कुटुंबे भ्रमिष्ट माणसास घेऊन येतात. स्थान अवश्य वंदावे. परंतु चालू असलेले औषध तेथे पोचताच बंद करावे, असे कोणत्याही सूत्रात सांगितलेले नाही.

भिक्षुवर्गापुढे याहून सूक्ष्म अडचण आहे. झोळीत पडेल ते निर्विकार मनाने घ्यावे, निवड करू नये, हा भिक्षाधर्म. आणि आज अनेक महात्म्यांस मधुमेह आहे. याचे कारणही उघड आहे. अटन सांगितलेले असताना आश्रमाच्या दारात मोटार उभी असते, आणि उपहाराच्या ताटात शिरा-बुंदीस तोटा नसतो. पूर्वीच्या महात्म्यांस कोरडी भाकरी आणि दहा कोसांची चाल होती. वैद्यांस आज जे हात जोडून सांगावे लागते ते त्यांच्या आचारातच होते. सोलापूर भागात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते आणि गोड मात्र बाजारातून येते, हाही एक विनोदच. मग मधुमेही भिक्षूने गोड पदार्थ नाकारल्यास भिक्षाधर्म मोडतो काय? निवड करू नये हे जिभेचे लाड मोडण्यासाठी सांगितले. जी सवलत घेतल्याने जिभेस सुख होते ती पळवाट समजावी. जिने जिभेस मुरड पडते ती त्या नियमाच्याच बाजूची आहे. शिरा ठेवून भाकरी घेणाऱ्याने काहीही मोडलेले नाही. शिरा मागून घेणारा आणि मग गोळी वाढविणारा, त्याने मात्र दोन्ही मोडले.

औषधात हिंसा असते, ही शंका प्रामाणिक आहे आणि तिची टवाळी करू नये. 1921 साली इन्सुलिनचा शोध लागला, तेव्हापासून पुष्कळ वर्षे ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. 1982 साली सूक्ष्म जंतूंकरवी तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि आज तेच सर्वत्र मिळते. काही औषधांच्या कॅप्सूलचे कवच प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचे असते. वनस्पतिजन्य कवचाचीही मिळतात, आणि पुष्कळदा तेच औषध गोळीच्या रूपात असते. हे वैद्यास विचारावे. विचारण्याचा आळस करून औषधच टाकणे आणि त्यास अहिंसा म्हणणे, हे स्वतःस फसविणे आहे.

तर मग देह जपणे हाच धर्म म्हणावा काय? नाही. याच सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनमध्ये युद्धातील जखमींच्या शुश्रूषेस गेले. अहोरात्र श्रमांत त्यांनी स्वतःच्या आजाराकडे पाहिले नाही आणि 1942 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. त्यांनी प्रकृतीची हेळसांड केली असे म्हणण्यास जीभ धजत नाही. देह खर्चण्यासाठीच असतो. कोणासाठी खर्चला हे पाहावे लागते. परमेश्वराच्या स्मरणात, जीवांच्या सेवेत झिजलेला देह आणि पानटपरीवर झिजलेला देह वैद्याच्या कागदावर कदाचित सारखेच दिसतील, आचाराच्या हिशेबात ते सारखे नाहीत.

आता त्या विडी वळणाऱ्या बाईकडे परत यावे. तिच्या हाती काय आहे? खिडकीपाशी बसणे, नाक-तोंडावर फडके बांधणे, स्वयंपाकापूर्वी हात धुणे, तान्ह्या मुलास सुपाजवळ न निजविणे, आणि तपासणी न टाळणे. काम सोडणे तिच्या हाती नाही. चुलीचा प्रश्न आहे. पण त्या सभेत मागे बसलेल्या ज्या वासनिकाच्या खिशात विडीचा कट्टा असतो, त्यास ती सोडता येते. उपदेश घेताना व्यसनाचा त्याग त्याने मान्य केलेला असतो. तिच्या खोकल्याचे कारण पूर्वजन्मात शोधण्यापूर्वी त्याने आपला खिसा चाचपावा. शासकीय रुग्णालय शहरातच आहे, थुंकीच्या तपासणीस पैसे पडत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून ती जात नाही. ती मजुरी सभेतून कोणी द्यावी आणि तिच्याबरोबर कोणी जावे, एवढे सभा उठण्यापूर्वी ठरवावे.