स्मारकात लाठीवाल्याची जागा कुठे?

लढाईचं स्मारक उभारणं त्यामानाने सोपं. तोफ असते, बुरूज असतो, कुणाची तरी तलवार काचेच्या पेटीत ठेवता येते. अहिंसक चळवळ मागे काय ठेवते? मीठ पाण्यात विरघळतं. वाळूतली पावलं भरतीबरोबर जातात. लाठीचे वळ ज्याच्या अंगावर उठले, त्याच्याबरोबरच संपतात. त्यामुळे अशा चळवळीचं स्मारक आखणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की नेमकं आठवायचं काय. हा निर्णय आर्किटेक्चरचा वाटला तरी मुळात नैतिक आहे.

मिठाच्या सत्याग्रहाबाबत आपण हा निर्णय केव्हाच घेऊन टाकला: आठवायची ती यात्रा. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचललं. दिल्लीतल्या देवीप्रसाद रायचौधुरींच्या 'ग्यारह मूर्ती' शिल्पात पुढे गांधीजी आणि मागे दहा माणसं आहेत. २०१६ साली बाद झालेल्या पाचशेच्या नोटेमागेही यात्राच होती. २०१९ साली दांडीला राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक खुलं झालं. त्याच्या आखणीचं समन्वयाचं काम आयआयटी मुंबईने केलं. तिथेही गांधीजींच्या मागे ८० सत्याग्रहींचे पुतळे चालताहेत.

हे पुतळे माणसाच्या उंचीचे आहेत, ही त्या स्मारकातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट. चळवळ साध्या माणसांची होती, तर साध्या माणसाला मान वर न करता तिच्याकडे बघता आलं पाहिजे. पण तिथेच सुमारे ४० मीटर उंचीवर दोन हातांनी पेललेला मिठाचा स्फटिकही आहे, आणि तिथे मान वर जातेच. मान वर गेली की आपण भाविक होतो, आणि भाविकाला कुणी प्रश्न विचारत नाही.

मला मात्र उंचीपेक्षा बाजू जास्त खटकते. या सगळ्या शिल्पांत आपण आपोआप गांधीजींच्या मागे उभे राहतो. १९३० मध्ये आपण असतो तर त्या रांगेतच असतो, अशी आपली समजूत होते. ती कशावरून?

यात्रेनंतर दीड महिन्याने, २१ मे १९३० रोजी, दांडीच्या दक्षिणेला धारासण्याच्या मिठागरांवर जे झालं ते आठवून बघा. गांधीजी तोवर अटकेत होते. नेतृत्व सरोजिनी नायडूंकडे होतं. अमेरिकन पत्रकार वेब मिलर तिथे हजर होते. त्यांच्या वार्तांकनानुसार सत्याग्रही रांगेने काटेरी तारेकडे चालत गेले, लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर बसल्या, आणि वार अडवायला कुणी हातसुद्धा वर केला नाही. एक रांग पडली की दुसरी पुढे यायची. मिलर यांनी ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले.

लाठ्या कुणाच्या हातात होत्या? इंग्रज अधिकारी मोजकेच होते. मारणारे शेकडो शिपाई देशी होते. पगारी नोकर, घरी बायकापोरं, वरून हुकूम. त्याच मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवरही सत्याग्रह झाला. 'आमचे पणजोबा सत्याग्रहात होते' हे वाक्य आपण अनेक घरांत ऐकतो. 'आमचे पणजोबा लाठी चालवत होते' असं कुणी म्हणत नाही. पण ते शिपाईही कुणाचे तरी पणजोबा असणारच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दुसऱ्याने लिहिलेली रिक्वायरमेंट बिनचूक पूर्ण करणं हे माझं रोजचं काम. त्या फीचरचं पुढे काय होतं, हा प्रश्न माझ्या तिकिटात कधीच नसतो. म्हणून त्या शिपायाची मनःस्थिती मला सत्याग्रहीच्या मनःस्थितीपेक्षा ओळखीची वाटते. नोकरी करणाऱ्या बहुतेकांना वाटेल. जे स्मारक मला थेट सत्याग्रहींच्या रांगेत नेऊन उभं करतं, ते मला न मागता माफी देऊन टाकतं.

यावर आक्षेप येईल: मारणाऱ्यालाही स्मारकात जागा? हा मार खाणाऱ्यांचा अपमान नाही का? मला उलट वाटतं. अहिंसेचा सगळा डावच मारणाऱ्यावर लावलेला होता. त्याच्यात माणूस शिल्लक आहे, यावर विश्वास नसता तर डोकं पुढे करण्याला अर्थच उरला नसता. त्याला गाळलं की सत्याग्रह म्हणजे फक्त सोसणं उरतं. जागा देणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे; उलट, तिथे उभं राहिल्यावर जबाबदारी जास्त बोचते.

शिवाय हुकूम मोडणारेही होते. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंगांना जन्मठेप झाली. गंमत म्हणजे गांधीजींनी पुढे या नकाराची बाजू घेतली नाही. शपथ घेतलेल्या सैनिकाने हुकूम मोडणं त्यांना मान्य नव्हतं. मला इथे गांधीजी पटत नाहीत. शपथ मोठी की समोरचा निःशस्त्र माणूस, हा वाद स्मारकाने मिटवू नये. तो उघडा ठेवावा.

मग इमारत कशी असावी? मला साबरमती आश्रमातलं संग्रहालय आठवतं. पणजीची कला अकादमी ज्यांची, त्या चार्ल्स कोरियांनी हे काम हाती घेतलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. १९६३ साली ते पूर्ण झालं. सहा मीटरचे चौकोन, विटांचे खांब, कौलं, काचेऐवजी लाकडी झडपा, मध्ये पाणी. कुठेही मान वर करावी लागत नाही, आणि गरज पडेल तसे चौकोन वाढवत नेता येतात.

तितक्याच बुटक्या इमारतीत मी प्रवेश उलट्या बाजूने ठेवला असता. आत शिरलं की आपण तारेच्या आतल्या बाजूला, मिठागराकडे पाठ करून उभे. समोरून माणसाच्या उंचीची माणसं रिकाम्या हातांनी चालत येताहेत, थेट आपल्या डोळ्यांत बघत. आपल्या हातात काहीच दिलेलं नाही, तरी ते हात कुठे ठेवावेत हे कळू नये. बाहेर पडायचं तर रांगेतून बाजूला सरून, एका वेळी एकच माणूस मावेल अशा वाटेने. तिथे पाटी नको, सेल्फी पॉइंट तर नकोच.

अशा ठिकाणाहून येताना अभिमानाने छाती फुगणार नाही, हे मला ठाऊक आहे. शाळेच्या सहली कदाचित कमी येतील. पण सोमवारी ऑफिसात नवा हुकूम समोर आला की एखाद्याला ती अरुंद वाट आठवू शकेल.