चप्पल घालून कूलरला हात लावणारं घर

"आजोबा, चप्पल घाला. कूलर करंट मारते."

परवा मंगरुळपीरला तुझ्या घरी आलो तेव्हा तुझ्या आठ वर्षांच्या पोरीनं मला हे सांगितलं. बसा, पाणी घ्या म्हणावं तितक्या सहज. तुम्ही सगळे हसलात. तुझी आई समोर बसली होती, सूनबाई चहा घेऊन आली होती, म्हणून तिथं गप्प राहिलो. आता गप्प राहणार नाही.

किती दिवसांपासून मारतो करंट, असं विचारलं तर तू म्हणालास, "तिसरा उन्हाळा आहे सर. हलक्या मुंग्या येतात, बाकी काही नाही." लेका, दहावीला माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत होतास तू. ओहमचा नियम तुझ्याकडून फळ्यावर सोडवून घेतला होता मी. तोच आज पुन्हा सोडव. घरातली वीज 230 व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धर. भागाकार कर. 230 मिलिअँपिअर येतात. हृदयाची लय बिघडायला 30 मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही पुरतो, आणि दहा-पंधरालाच मूठ अशी आवळते की माणसाला हात सोडवता येत नाही. तुझ्या हलक्या मुंग्या आणि मरण यांच्यामध्ये फक्त एक रबरी चप्पल आहे. आणि कूलरमध्ये बादली ओतताना पाणी सांडतं ते त्याच चपलेखाली.

बोर्डाजवळ गेलो आणि मला घाम फुटला. कूलरच्या वायरला प्लगच नाही. दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घालून वर आगपेटीच्या काड्या खोचल्या आहेत. तिसरी, हिरवी तार कापून मागे गुंडाळून ठेवली आहे. तीन पिनांमधली वरची पिन लांब आणि जाड का असते, हा प्रश्न मी दर वर्षी विचारायचो. लांब असते कारण प्लग लावताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. पाण्यातल्या मोटरीच्या वाइंडिंगचं आवरण झिजलं, तर पत्र्यावर आलेली वीज त्या वाटेनं जमिनीत जावी, तुझ्या पोरीच्या अंगातून नाही. तू ती वाट स्वतःच्या हातानं कापलीस.

मग म्हणालास, "एमसीबी बसवली आहे ना सर." ती एमसीबी 16 अँपिअरची आहे, म्हणजे 16 हजार मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला त्याचा पाचशेवा हिस्सा पुरे होतो. ती पडते जादा भारानं किंवा शॉर्ट सर्किटनं, आणि वाचवते तुझी वायर. माणसासाठी वेगळं यंत्र असतं, आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहतं. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर चाचणीचं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. एवढंच काम.

सूनबाई म्हणाली, तारा उलट्या घातल्या की कमी मारतो. वाशिम, रिसोड, कारंजा, कुठंही जा, हा उपाय घरोघरी ऐकायला मिळतो. पोरी, त्यानं बिघाड जात नाही, फक्त जागा बदलतो. फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली म्हणून जाणवणं कमी झालं, एवढंच. ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी सगळा पत्रा 230 व्होल्टवर जाईल.

मी अर्थिंगचा खड्डा विचारला. घर बांधताना केला होता म्हणालास, पण अंगणात फरशी बसवली तेव्हा तो खाली गेला. आपली माती काळी. पावसाळ्यात चिकट होते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी सुकलेली माती वीज नीट घेत नाही. म्हणून त्या खड्ड्यात मीठ, कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. कूलर ज्या महिन्यांत चालतो, अर्थिंग नेमकं त्याच महिन्यांत सर्वांत दुबळं असतं. तू तर त्यावर फरशी घातलीस.

तुझ्या घरात फ्रिजला स्टॅबिलायझर आहे. मोबाइलला काच आहे, कव्हर आहे. वास्तू दाखवून स्वयंपाकघराचं दार हलवलंस, तेव्हा खर्चाला मागेपुढे पाहिलं नाहीस. सोयाबीन विकून मोठा टीव्ही आणलास, ठीक आहे, घे. पण फ्रिजची काळजी घेणाऱ्या माणसाला दोन-तीन हजारांचं यंत्र लेकरांसाठी परवडत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. "काही होत नाही सर" असं तू तीनदा म्हणालास. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. पाणी भरताना बाई मरते, खेळताना लेकरू पत्र्याला चिकटतं, सोडवायला धावलेला बाप त्याच्यासोबत जातो. त्यांच्याही घरी आदल्या दिवसापर्यंत काही होत नव्हतं.

तुझा थोरला यंदा दहावीला आहे. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. तो पोरगा शाळेत अर्थिंगची व्याख्या लिहून गुण मिळवतो आणि घरी येऊन चप्पल शोधतो. शिकवलेलं घरात शिरत नसेल, तर मी तीस वर्षं कशासाठी घसा कोरडा केला?

आता कामाचं सांगतो. लिहून घे. कूलरची मोटर बदल. हिरवी तार जोडून थ्री पिन लाव. फरशी फोडून खड्डा मोकळा कर. आरसीसीबी बसव. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. वीज गेली असली तरी काढायचा, कारण तुझा इन्व्हर्टरही 230 व्होल्टच देतो. कोणी चिकटलंच तर हातानं ओढू नका. मेन स्विच पाडा, तो लांब असेल तर कोरड्या लाकडानं दूर करा, आणि 108 ला फोन करा. हे आईलाही सांग, पोरीलाही.

उद्या वायरमन बोलाव. शनिवारी मी टेस्टर घेऊन येतो आहे. तोवर त्या तारा सॉकेटमधून काढून ठेव आणि आईची बाज रात्री गच्चीवर टाक.